ब्रोकोलीवरची चादर

घराबाहेर पडायच्या आधी ती पालथा हात दाराच्या फळीला लावायची. बाहेर ऊन किती झालं ते बघायला.

कॉफी निवली तरी तिच्यावर फुंकर घालायची.

कुणाशी बोलताना समोरच्याचं मनगट धरायची आणि बोलता बोलता नाडी बघायची. तिला ते कळायचंही नाही.

दवाखान्यातला काचेचा जुना थर्मामीटर अंबाड्यात खोचलेला असायचा. दुसऱ्या बायका पेन्सिल खोचतात तसा.

कपडे वाळत घालताना चिमटे दातांत धरायची आणि तसंच बोलायची. तिचं निम्मं बोलणं मला कधी कळलंच नाही.

गल्लीच्या वळणावर कोनाड्यात सान रोक्को या संताचा पुतळा आहे, पायाशी त्याचा कुत्रा. येता-जाता त्याच्याशी मोठ्यानं बोलायची. प्रार्थना नव्हे. तक्रारी.

आणि बागेतल्या ब्रोकोलीला ती 'पेशंट' म्हणायची.

झिया इंकोरोनाता डिसेंबरात गेली. हे वाक्य मला अजून खोटं वाटतं.

झिया म्हणजे मावशी. ती माझी कुणी नव्हती. मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. पण आमच्या गावात केस पांढरे झालेली प्रत्येक बाई झिया असते. तिनं जन्मभर गावच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं, लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. ती जायच्या आदल्या वर्षी वसंतात मी नापोलीहून पदवी घेऊन परत आले, पेट्या जिन्यात ठेवल्या, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे कुठं दुखतं ते छान सांगता येतं. औषध देता येत नाही." माझं मनगट तिच्या बोटांत होतं. "असू दे. तब्येत चांगली आहे. ती बालदी उचल, मास्तरीणबाई."

तेव्हापासून मी मास्तरीण.

तिची बाग घरामागे, दोन खाटा मावतील एवढी. एका बाजूला दक्षिणेकडे तोंड केलेली दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला अंजिराचं झाड, समोर बुटका कठडा. कठड्यापलीकडून गल्ली पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरते. शेवटच्या पायरीवर, हौदाजवळ, तिच्या थोरल्या बहिणीचं घर. झिया जेरार्दाचं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासूनचा तो अबोला.

कारण एक चादर. त्यांच्या आईच्या लग्नातली, हातमागावर विणलेली तागाची जाड चादर. काठावर आईच्या नावाची अक्षरं भरलेली. आईचं शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नसायचं. सकाळी चादर एकीला देऊ करायची, संध्याकाळी दुसरीला. आई गेल्यावर इंकोरोनाता म्हणाली, "जिनं धुतली, तिची." जेरार्दा म्हणाली, "जी थोरली, तिची." चादर इंकोरोनाताच्या पेटीत गेली. ती ना हिनं अंथरली ना तिनं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्या घराशी अबोला असेल, त्या घरी नाताळच्या आदल्या दिवशी आपल्या बागेतली ब्रोकोली घेऊन जायचं. त्या दिवशी घरोघरी मांसाविना जेवण असतं, खारवलेला मासा आणि उकडलेली ब्रोकोली, त्यामुळे चुलीवर पातेलं असतंच. ब्रोकोली द्यायची, बोलायचं काही नाही. ती समोरच्यानं आपल्या पातेल्यात टाकली की भांडण मिटलं. बाजारातली चालत नाही. दुसऱ्याच्या हाती पाठवलेली चालत नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घरामागे ब्रोकोली दिसते ती उगाच नाही. भांडखोर लोक आहेत.

जेरार्दाची ब्रोकोली दर वर्षी थाळीएवढी व्हायची. पण थोरलीनं आधी वाकायचं नसतं, यावर ती ठाम होती. इंकोरोनाताला जायचं होतं. तिच्याकडे न्यायला काही नसायचं.

इतकी वर्षं तिची ब्रोकोली बिघडत होती, आणि बिघडवत होती तीच. तिचा नर्सचा स्वभाव. लहान जीव दिसला की ऊब द्यायची. कोवळी रोपं ऑगस्टात त्या दक्षिणेच्या भिंतीला लावायची, अगदी खेटून. भिंत दिवसभर तापायची. रोपांना वाटायचं, आता काही खरं नाही, मरायच्या आत फुलून घ्यावं. अंगठ्याएवढा गड्डा धरायचा, तो विस्कटायचा, आणि नोव्हेंबरात मृतांच्या सणाला सगळा वाफा पिवळ्या फुलांनी डोलायचा. ती फुलं तोडून ती सान रोक्कोपुढे ठेवायची. "घे," म्हणायची. "तुझ्यामुळेच."

एका वर्षी उन्हाला घाबरून तिनं रोपं फार उशिरा लावली. बाळसं धरायच्या आतच उत्तरेचा वारा सुटला. कोवळ्या रोपांना असा एकदम गारठा बसला की तीही घाबरतात. बटणाएवढे गड्डे धरले आणि तिथेच थांबले.

"मोरेत्तो," जेरार्दा कठड्यापाशी थांबून म्हणाली होती, "तुझ्या अंगरख्याला बटणं हवीत का रे? इथं बरीच लागली आहेत."

मोरेत्तो म्हणजे तिचा काळा कुत्रा. बहिणीशी बोलायचं नाही ही शपथ. कुत्र्याशी बोलायला बंदी नव्हती. इंकोरोनाताजवळ सान रोक्को होता. सगळा संवाद या दोघांच्या मार्फत चालायचा आणि गल्ली खिडक्या उघड्या ठेवून ऐकायची.

मी आले त्या वर्षीही रोपं भिंतीलाच होती. मला काही कळत नव्हतं, मी पाणी घालत होते. इंकोरोनाता अंबाड्यातला थर्मामीटर काढायची, झटकायची, मातीत खुपसायची.

"झिया, हा ताप बघायचा आहे. पस्तिसाच्या खालचं दाखवतच नाही."

"म्हणूनच चांगला आहे. काही दाखवलं नाही, म्हणजे पेशंट बरा."

त्या सप्टेंबरात एके दिवशी थर्मामीटरनं दाखवलं. आम्ही दोघी वाकून बघत होतो. पारा चढलेला होता. इंकोरोनाता हादरली. तेवढ्यात कठड्यापलीकडून आवाज आला.

"मोरेत्तो, बघ. काहींना ब्रोकोली शिजवायला पातेलं लागत नाही. भिंतीलाच शिजवतात."

इंकोरोनाता तडक गल्लीत गेली, सान रोक्कोसमोर उभी राहिली. "सान रोक्को, तुझा कुत्रा किती गुणी! तोंडातून शब्द नाही. नाहीतर काही घरांत कुत्रा गप्प असतो आणि मालकीण भुंकते."

जेरार्दा चार पायऱ्या उतरली. थांबली. वळली नाही.

"मोरेत्तो, भिंतीला हात लावून आंधळ्यालाही कळेल. दिवेलागणीला हात लाव म्हणावं, ऊन गेल्यावर. अंजिराच्या पलीकडे एवढी जागा पडून आहे. पण आपल्याला काय करायचंय?"

त्या दिवशी ऊन गेल्यावर इंकोरोनाता भिंतीपाशी गेली. पालथा हात दगडावर ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ काढला नाही.

"हिला ताप आहे गं," ती म्हणाली. "ऊन गेलं तरी उतरत नाही."

मीही हात लावला. भिंत भाजलेल्या पावासारखी गरम होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग तरातरा गल्लीत गेली. "सान रोक्को! त्या काळ्या कुत्र्याला सांग, कळलं."

खालून कुत्रा भुंकला. जेरार्दाच्या घरातला दिवा लागला. एवढंच.

पुढच्या वर्षी सगळं नव्यानं केलं. जुलैत अंड्यांच्या कागदी खोक्यांत बी टाकलं आणि खोकी स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवली, जिथं ऊन येत नाही, उजेड येतो. ऑगस्टात रोपं अंजिराच्या पलीकडे गेली. दुपारचं ऊन चुकवायला आम्ही बोरूच्या काड्यांची चटई चार खुंट्यांवर ताणली. मातीवर गव्हाचा पेंढा पसरला, जाड, म्हणजे मुळं गार राहतात. पाणी पहाटे.

"दुपारी का नको?" मी विचारलं. "दुपारीच तर ती माना टाकतात."

"तापानं फणफणलेल्या माणसाला तू विहिरीत ढकलतेस का?"

चटई गुंडाळायचं आणि सोडायचं काम माझं. जेवण झालं की खालून हाक यायची. "मास्तरीण, पडदा!" मी जिन्यावरून धावायचे. ऊन कलल्यावर पुन्हा हाक. "पडदा वर! नाटक सुरू!"

फोनवर मी जवळच्या शहराचं तापमान बघून सांगायचे. तिला ते आवडायचं नाही.

"पोतेंझात सव्वीस दाखवतंय, झिया."

"पोतेंझात कोण ब्रोकोली लावतंय?"

ऑक्टोबरात तिनं चटई काढून टाकली. "आता उन्हात बसू दे. बरा होणारा पेशंट अंगणातच बसतो." पानं निळसर झाली, रुंद झाली. काही रोपं अळीनं खाल्ली, काही आम्ही खाल्ली. अंजिराच्या अगदी जवळचं एक रोप तिनं राखून ठेवलं. त्याला कुणी हात लावायचा नव्हता. ते जेरार्दाचं.

नोव्हेंबरात मृतांचा सण आला आणि गेला. वाफ्यात एकही पिवळं फूल नव्हतं. इंकोरोनाता सान रोक्कोपुढे रिकाम्या हातानं उभी राहिली. "या वर्षी तुला काही नाही," ती म्हणाली, आणि हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी रोपाच्या पोटात गड्डा दिसला. आधी अक्रोडाएवढा. मग मुठीएवढा. घट्ट, गर्द हिरवा, दाणा बारीक. आता तिला वेगळीच काळजी. हवा उबदार राहिली तर नाताळच्या आत गड्डा सुटा होईल, फुलेल. फार गोठली तर काळा पडेल. तिला तो नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तसाच हवा होता. संध्याकाळी ती खुंट्यांवर प्लास्टिक टाकायची, पानांना चिकटणार नाही असं, आणि सकाळी उन्हाच्या आत काढायची.

"थोडं दंव लागलेलं बरं," ती म्हणायची. "त्यानं गोडी येते. माणसाचंही तसंच असतं, पण माणसं आधीच गोठतात."

डिसेंबराच्या सुरुवातीला जेरार्दा वर आली. कठड्यापाशी थांबली. इंकोरोनाता कपडे वाळत घालत होती, चिमटे दातांत. मी बादली धरून उभी.

"मोरेत्तो," जेरार्दा म्हणाली. कुत्रा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "अंजिराखाली काहीतरी दिसतंय यंदा."

इंकोरोनातानं दातांतला एक चिमटा काढून दोरीला लावला.

"पानं बरी आहेत," जेरार्दानं कुत्र्याला सांगितलं आणि पायऱ्या उतरून गेली.

आता ती सान रोक्कोला काय सांगते याची मी वाट पाहत होते. ती तिकडे गेलीच नाही. इंकोरोनातानं एकच परकर तीनदा झटकून वाळत घातला. दिवसभर स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज वर येत होता.

जेवताना मी विचारलं, "झिया, तिनं दारच उघडलं नाही तर?"

"उघडेल."

"घेतली, पण पातेल्यात टाकली नाही तर?"

तिनं माझं मनगट धरलं. "तुझी नाडी का धावतेय? न्यायची मला आहे."

पण तिचीच बोटं गार होती.

डिसेंबराच्या मध्यावर उत्तरेचा वारा आला. घडी घालून ठेवलेलं प्लास्टिक दुपारीच उडालं, अंजिरावरून, कठड्यावरून, खाली दरीत. फोन सांगत होता की पहाटेपर्यंत सगळं गोठणार. मी घाबरत घाबरत सांगितलं.

"या वेळी बरोबर सांगतोय," ती म्हणाली. "माझा कान दुखतोय."

मी माझी घोंगडी आणू का म्हटलं. "जड आहे. मान मोडेल बिचाऱ्याची." जुन्या चादरी आणू का? त्या विरलेल्या होत्या, वारा आरपार जाणार. ती उभी राहून विचार करत होती. फार वेळ नाही. मग आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांवर घडी होती. पेटीत कपड्यांत वासासाठी सफरचंदासारखी बिही फळं ठेवतात, त्यांचा वास बागभर झाला.

मी चादर ओळखली. मी ती कधी पाहिली नव्हती, पण गल्लीत ती कोण ओळखणार नाही? उजेड अजून होता. काठावरची अक्षरं स्पष्ट दिसत होती.

"ही?" मी म्हटलं.

"चादर झाकायलाच असते."

"खालून दिसेल, झिया."

"दिसू दे."

तिनं चादर झटकली. वाऱ्यानं ती फुगली, जवळजवळ तिच्या हातून निसटली. आम्ही दोघींनी धरली. चार खुंट्या, चार टोकं. तिनं चिमटे दातांत घेतले. तेवढ्यात वरून माझ्या फोनचा आवाज आला. मी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, त्यांचीच वेळ झाली होती.

"झिया, पण नाताळच्या आदल्या दिवशी ब्रोकोली न्यायची तेव्हा ही चादर पुन्हा पेटीत ठेवणार? की तीही नेणार?"

तिनं उत्तर दिलं. चिमट्यांमधून. मला कळलं नाही. उद्या विचारू म्हणून मी वर गेले.

सकाळी मला हाक आली नाही. मी खाली गेले. ती स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, अंगात कोट, पायात बागेतले बूट. जणू दम खायला क्षणभर टेकली होती. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. तिच्यासारखी ठेवली. मग डॉक्टरला फोन केला. हृदय, तो म्हणाला. त्रास झाला नसेल, म्हणाला. तिच्या मुठीत लाकडी चिमटा होता.

बागेत दारापासून अंजिरापर्यंत सगळं पांढरं झालं होतं. चादर तीन टोकांनी खुंट्यांना धरलेली. चौथं टोक वाऱ्यानं फडफडत होतं. मी ते उचलून आत पाहिलं. गड्ड्याला काही झालं नव्हतं. दाण्यांवर नुसती साखर पेरल्यासारखं दंव.

कठड्यापाशी जेरार्दा उभी होती. घरात माणसं जमायच्या कितीतरी आधी. तिला कुणी कळवलं नव्हतं. तिनं खालून चादर पाहिली होती. मोरेत्तो तिच्या पायाशी बसला होता. ती त्याला काही बोलली नाही.

अंत्यविधीनंतरचे दिवस मी यंत्रासारखी एकच गोष्ट करत राहिले. सकाळी चादर दुमडून वर करायची, संध्याकाळी खाली सोडायची. चौथ्या टोकावर दगड ठेवायचे. चिमटा लावायचे नाही. तो माझ्याकडे होता, पण लावायला हात धजायचा नाही. गड्डा थाळीएवढा झाला. नाताळ जवळ आला. मी रीत पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहत होते. दुसऱ्याच्या हाती पाठवलेली चालत नाही. कुठूनही वाचली तरी रीत तीच राहत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारच्या आत, दार वाजलं. जेरार्दा. काळा शेला, हातात तिच्या बागेतली ब्रोकोली, बुंध्याला पुसून स्वच्छ केलेली. मोरेत्तोला तिनं पायऱ्यांवरच बसवलं होतं.

"किल्ली तुझ्याकडे आहे ना?" ती म्हणाली. माझ्याशी तिचं हे पहिलंच वाक्य.

मी इंकोरोनाताचं दार उघडलं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. कपाटं उघडायला लागली.

"पातेलं कुठं ठेवते ही? पहिल्यापासून अशीच. भलत्या जागी."

पातेलं ओव्हनमध्ये होतं. तिनं पाणी भरलं, मीठ टाकलं, गॅस लावला. खुर्चीत बसली नाही. त्या खुर्चीकडे पाठ करून उभी राहिली. पाण्याला उकळी आली तेव्हा तिनं ब्रोकोलीचे तुरे हातानंच मोडले आणि एक एक करून आत सोडले.

"नातीना," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "टाकली बघ."

तिचं हे लाडाचं नाव मला माहीत नव्हतं.

आम्ही ऑलिव्हचं तेल आणि लिंबू घालून तिथंच, ओट्याशी उभ्यानं खाल्ली. मीठ जास्त झालं होतं. मग मला राहवलं नाही.

"झिया जेरार्दा, ती बाहेरची... तुमच्यासाठी राखली होती तिनं. कापून आणू?"

ती खिडकीशी गेली. चादरीकडे तिनं खूप वेळ पाहिलं. काठावरच्या अक्षरांकडे.

"नको. ती तिनं आणायची होती." तिनं नाक पुसलं. "मी माझी आणली, तिच्या पातेल्यात पडली. माझ्याकडून मिटलं. तिचं काम तिच्याकडे."

"आणि चादर?"

"थंडी आहे ना अजून?" ती चिडून म्हणाली. "मग? उघडी टाकणार का ती ब्रोकोली?"

मी खिशातून चिमटा काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, उलटा-सुलटा पाहिला, दाबून बघितला. मग परत माझ्या हातात दिला आणि कुत्र्याला हाक मारत पायऱ्या उतरली.

ब्रोकोली अजून अंजिराखाली आहे. गड्डा कडेनं थोडा सुटायला लागला आहे. फेब्रुवारी संपता संपता ऊन चढेल, ती पिवळी फुलेल. कापायची राहिली आहे. संध्याकाळी मी चादर खाली सोडते तेव्हा कधी कधी जेरार्दा कठड्यापलीकडे उभी असते, आणि मी दगड नीट ठेवला की नाही हे ती मोरेत्तोला विचारते. तीन टोकांना इंकोरोनातानं लावलेले चिमटे आहेत. चौथा माझ्या खिशात आहे.